कुक्कुटाचे सहजबल आणि आपले दावे

'व्याधिक्षमत्व' ही आयुर्वेदातील अत्यंत अर्थगर्भ संज्ञा होय. चरकसंहितेवर टीका लिहिताना चक्रपाणिदत्तांनी या एका शब्दाचे दोन पदर उलगडून दाखविले आहेत. उत्पन्न झालेल्या व्याधीच्या बलाला विरोध करणे हा एक आणि व्याधीची उत्पत्तीच होऊ न देणे हा दुसरा. इतक्या सूक्ष्म विचाराचे धनी असलेले आपण आज मात्र या संज्ञेचा उपयोग 'इम्युनिटी बूस्टर' या बाजारी शब्दाचे मराठी भाषांतर म्हणून करू लागलो आहोत. २०२० च्या करोना साथीत या शब्दाचा जो सुकाळ झाला, तो आपण सर्वांनीच पाहिला. आता तीच भाषा कुक्कुटपालनाच्या क्षेत्रात शिरली आहे. गुडूची, तुलसी, अश्वगंधा, आमलकी, हरिद्रा यांची मिश्रणे पोल्ट्रीच्या खाद्यात अथवा पाण्यात मिसळण्यासाठी विकली जातात. त्यांच्या वेष्टनावर 'रोगप्रतिकारशक्ती वाढवते' हे वाक्य असतेच. काहींवर 'विषाणुजन्य रोगांपासून संरक्षण' असेही छापलेले आढळते.

हे वाक्य छापणारे आपल्यापैकीच कोणी फार्मसीचालक आहेत, आणि पोल्ट्रीमालकाने विचारले असता 'द्यायला हरकत नाही' असे सांगणारे आपल्यापैकीच कोणी वैद्य आहेत. म्हणून हा विषय आपल्या त्रैमासिकात मांडणे मला अगत्याचे वाटते. कोंबडीचे शरीर विषाणूशी जन्मतः कसे झुंजते, याविषयी गेल्या काही दशकांत जे ज्ञान हाती आले आहे ते पाहिले, तर 'वाढवते' हे क्रियापद किती अपुरे आणि प्रसंगी किती घातक आहे, हे ध्यानी येईल. तेवढेच दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रतिकारशास्त्राची ऋणको नव्हे, धनको

आपल्या संहितांना कुक्कुट परिचित आहे तो मुख्यतः आहार म्हणून. विष्किर वर्गात त्याची गणना असून त्याचे मांस स्निग्ध, उष्ण, बृंहण व बल्य म्हणून वर्णिलेले आहे. प्राण्यांच्या चिकित्सेचा वारसा आपल्याकडे मोठा आहे. हत्तींसाठी पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद, अश्वांसाठी शालिहोत्राची परंपरा, तर शिकारी ससाण्यांसाठी कुमाऊंच्या रुद्रदेवाचे श्यैनिकशास्त्र आहे. परंतु एका छपराखाली दहा-दहा हजार पक्षी ठेवण्याची आजची पद्धत त्या काळी अस्तित्वातच नव्हती. त्यामुळे पोल्ट्रीतील साथींबाबत ग्रंथांत तयार उत्तर शोधणे व्यर्थ आहे. तत्त्वे ग्रंथांतून घ्यावीत आणि तपशील प्रत्यक्षातून घ्यावा, हाच मार्ग उरतो.

उलटपक्षी आधुनिक प्रतिकारशास्त्र मात्र कोंबडीचे फार मोठे देणे लागते. लुई पाश्चर यांनी दुर्बल केलेल्या जंतूंची लस १८८० च्या सुमारास सिद्ध केली ती कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर. ब्रूस ग्लिक यांनी १९५६ मध्ये कोंबडीच्या गुदद्वाराजवळील 'फॅब्रिशियसच्या बर्सा' या पिशवीसारख्या अवयवाचा प्रतिपिंडांशी असलेला संबंध दाखविला. 'बी पेशी' या नावातील 'बी' त्या बर्सावरूनच आला आहे. आणि १९५७ मध्ये लंडन येथे ॲलिक आयझॅक्स व जाँ लिंडेनमान या दोघांनी कोंबडीच्या अंड्यातील गर्भावरणाचे तुकडे घेऊन त्यांवर उष्णतेने निष्क्रिय केलेला इन्फ्लुएन्झाचा विषाणू सोडला. त्या तुकड्यांभोवतीच्या द्रवात असा काही पदार्थ उतरला की, तो ताज्या आवरणाला लावल्यावर तेथे जिवंत विषाणूची वाढ खुंटली. या पदार्थाला त्यांनी 'इंटरफेरॉन' हे नाव दिले. विषाणूविरुद्धच्या सहज प्रतिकाराचा हा मुख्य दूत प्रथम हाती लागला तो कोंबडीच्या अंड्यातच.

पहिली फळी कशी उभी राहते

प्रतिकाराचे दोन विभाग वाचकांना ज्ञात आहेतच. एक जन्मजात व तत्काळ काम करणारा, तर दुसरा अनुभवाने शिकणारा आणि प्रतिपिंडे घडविणारा. दुसऱ्याला सिद्ध होण्यास काही दिवस लागतात. तोवर शरीर राखायचे काम पहिल्याचे. पोल्ट्रीतील घातक विषाणू दोन-तीन दिवसांतच पक्षी मारू शकतो, म्हणून तेथे ही पहिली फळीच निर्णायक ठरते.

श्वासमार्गातील व आतड्यातील श्लेष्मावरण ओलांडून विषाणू पेशीत शिरला की, सर्वप्रथम त्याला 'ओळखावे' लागते. पेशीच्या आत व पृष्ठभागावर काही प्रथिने पहारेकऱ्यासारखी असतात. विषाणूच्या जनुकद्रव्याची ठेवण पेशीच्या स्वतःच्या द्रव्याहून वेगळी असते. तो वेगळेपणा ही प्रथिने हेरतात. त्यांनी इशारा दिला की पेशी इंटरफेरॉन सोडते, शेजारच्या पेशी तो संदेश ग्रहण करतात आणि शेकडो जनुके जागी होऊन विषाणूची नक्कल होण्याच्या वाटा अडविल्या जातात. कोंबडीत पूर्ण विकसित लसिकाग्रंथी नसतात. आपल्याकडील न्यूट्रोफिल पेशींचे काम तिच्यात हेटरोफिल नावाच्या पेशी करतात. तिचे स्वाभाविक तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, म्हणजे मनुष्याच्या दृष्टीने तो तीव्र ज्वरच. असे हे शरीर मुळातच वेगळ्या घडणीचे आहे.

२००४ मध्ये लाल रानकोंबडीचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला आणि या घडणीचा तपशील उलगडू लागला. मनुष्यात असलेले काही पहारेकरी कोंबडीत आढळत नाहीत. टोलसदृश ग्राहकांपैकी तिसरा व सातवा तिच्यात कार्यरत आहेत, आठवा मोडकळीस आलेला आहे, नववा नाहीच. त्या नवव्याचे काम एकविसावा ग्राहक करतो. इंटरफेरॉनचा आदेश पुढे नेणारे आयआरएफ-३ हे प्रथिनही तिच्यात नाही. ती जबाबदारी आयआरएफ-७ सांभाळते. तात्पर्य, मनुष्यावर अथवा उंदरावर दिसलेला एखाद्या वनस्पतीचा परिणाम कोंबडीतही तसाच घडेल, असे गृहीत धरण्यास आधार नाही. साधे उदाहरण घ्यावयाचे तर क जीवनसत्त्वाचे. मनुष्य ते स्वतःच्या शरीरात घडवू शकत नाही, कोंबडी मात्र आपल्या वृक्कात घडविते. 'आवळ्यात क जीवनसत्त्व, म्हणून कोंबडीची प्रतिकारशक्ती वाढणार' हे अनुमान पहिल्याच पायरीवर अडखळते. अतिउष्णतेच्या दिवसांत बाहेरून दिलेल्या क जीवनसत्त्वाचा कोंबडीला लाभ होऊ शकतो, परंतु तो विषय उन्हाचा आहे, विषाणूचा नव्हे.

बदक तगते, कोंबडी का दगावते?

एव्हियन इन्फ्लुएन्झाचे अनेक प्रकार बदकाच्या शरीरात मुक्काम करूनही त्याला फारसे आजारी पाडत नाहीत. तेच विषाणू कोंबड्यांचे कळप संपवितात. (अलीकडील काही प्रकार बदकांनाही मारतात, हे येथे नमूद केले पाहिजे.) या भेदाचे एक कारण २०१० मध्ये कॅनडा व अमेरिकेतील संशोधकांनी पुढे आणले. इन्फ्लुएन्झाचे जनुकद्रव्य ओळखणारा 'रिग-आय' नावाचा पहारेकरी बदकात आहे, कोंबडीत तो आढळत नाही. विषाणू शिरताच बदकाच्या फुप्फुसात या प्रथिनाचे प्रमाण पहिल्याच दिवशी कित्येक पटींनी वाढते आणि पुढे ओसरते. कोंबडीत त्याचे काम एमडीए-५ नावाचा दुसरा पहारेकरी काही अंशी करतो. परंतु तोही निर्धोक नाही. राणीखेत, अर्थात आपले शेतकरी ज्याला मानमोडी म्हणतात, त्या रोगाच्या विषाणूचे 'व्ही' हे प्रथिन नेमके याच पहारेकऱ्याला जखडून ठेवते. इन्फ्लुएन्झाच्या विषाणूपाशीही इंटरफेरॉनचा आवाज दाबणारे स्वतःचे प्रथिन आहे.

याच्या जोडीला व्याधीचे स्वतःचे बलही लक्षात घ्यावे लागते. सौम्य प्रकारच्या विषाणूचे पृष्ठप्रथिन दुभंगण्यासाठी लागणारी पाचके केवळ श्वासमार्गात व आतड्यात असतात, म्हणून त्याचा संचार तेथेच सीमित राहतो. तीव्र प्रकारात त्या प्रथिनाची दुभंगण्याची जागा अशी बदललेली असते की, शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीतील पाचक ते काम करू शकते. मग विषाणू रक्तवाहिन्यांच्या अस्तरात, मेंदूत, हृदयात, सर्वत्र पसरतो. तुरा निळसर पडणे, डोके सुजणे, पायांवर रक्तस्राव दिसणे आणि पाहता पाहता मरतूक वाढणे ही त्याची दृश्य लक्षणे होत. याच टप्प्यावर कोंबडीचे शरीर दाहजनक संदेशांचा असा भडिमार करते की, त्यातूनच ऊतींची हानी वाढते.

आता हे चित्र आपल्या परिभाषेत मांडून पाहावे. आरंभी ओळख पटण्यात उणेपणा, म्हणजे प्रतिसादाचा अयोग. पुढे अनावर भडका, म्हणजे अतियोग. बदकात दिसतो तो बव्हंशी सम्यग्योग. वेळेवर जागे होणे आणि वेळेवर शमणे. 'प्रतिकारशक्ती वाढवा' हा सल्ला केवळ अयोगाचे औषध आहे. अतियोगाच्या अवस्थेत तोच सल्ला अपथ्य ठरतो. कोणत्या अवस्थेत कोणते औषध, हा विचार ज्या शास्त्राने जगाला दिला, त्याच्या अनुयायांनी अवस्थेचा उल्लेखही न करता 'वाढवते' असे लिहावे, यापरता विरोधाभास कोणता?

हा निव्वळ शब्दच्छल नाही, याचा पुरावाही आता उपलब्ध आहे. बदकाचे रिग-आय जनुक प्रयोगशाळेतील कोंबडीच्या पेशींत घातले असता इंटरफेरॉन वाढले व विषाणूची वाढ घटली, असे २०१० च्या प्रयोगात दिसले होते. साहजिकच असे वाटले की, हे हरवलेले जनुक जिवंत कोंबडीत परत आणले तर ती बदकासारखी तग धरेल. जर्मनीतील म्युनिच येथील तांत्रिक विद्यापीठाच्या संशोधकांनी अलीकडच्या काळात खरोखरच तशा कोंबड्या जन्माला घातल्या. त्यांना एच७एन१ विषाणूची लागण केली असता त्या अधिक तीव्र आजारी पडल्या आणि त्यांचे वजन घटत राहिले. रिग-आयला साहाय्य करणारे दुसरे जनुकही ज्या कोंबड्यांत होते, त्यांच्यात दाह आणखी भडकला व मृत्यूही वाढले. कोंबडीच्या वंशाने हे जनुक गमावले ते बहुधा अशा घातक दाहापासून बचाव म्हणूनच, असा निष्कर्ष या संशोधकांनी काढला आहे.

काचपात्रातील पेशींत जे हितकर दिसले, तेच जिवंत पक्ष्यात अहितकर ठरले. ज्या औषधनिर्मात्यांच्या माहितीपत्रकांत 'पेशींवरील प्रयोगात विषाणूरोधी गुण सिद्ध' असे वाक्य असते, त्यांनी या एका उदाहरणाचे मनन करावे, अशी माझी नम्र विनंती आहे.

शंभर टक्क्यांचा मोह

दुसरे उदाहरण ब्रिटनमधील. इन्फ्लुएन्झाचा विषाणू आपली नक्कल करण्यासाठी कोंबडीच्या एएनपी-३२-ए या प्रथिनाचा आधार घेतो. एडिंबरोची रोझलिन संस्था, पिरब्राइट संस्था व लंडनचे इम्पीरियल कॉलेज येथील संशोधकांनी या प्रथिनाच्या जनुकात अचूक बदल केलेल्या कोंबड्या घडविल्या. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात नैसर्गिक संसर्गाइतकी मात्रा दिली असता अशा १० पैकी ९ कोंबड्यांना लागण झाली नाही. मात्रा सहस्रपट केली तेव्हा १० पैकी ५ कोंबड्यांना लागण झाली. शिवाय विषाणूने स्वतःत बदल करून त्याच कुळातील इतर प्रथिनांचा आधार घेण्यास आरंभ केल्याचेही आढळले.

शरीराच्या मूळ आराखड्यातच शस्त्रक्रियेसारखा बदल करूनही ही मर्यादा राहते, आणि ज्यांनी हे कार्य केले ते ती प्रांजळपणे सांगतात. मग पाण्यात मिसळावयाच्या चूर्णाच्या अथवा द्रवाच्या बळावर 'संपूर्ण संरक्षण' हे शब्द आपण कोणत्या आधारावर छापतो? गावठी कोंबडीला रोग होत नाही, ही समजूतही याच जातीची आहे. परसातील गावठी कोंबड्यांचे खुराडे मानमोडीने एका आठवड्यात रिकामे झालेले कोणत्याही खेड्यात पाहावयास मिळते.

सहज, कालज आणि युक्तिकृत

चरकाचार्यांनी बल तीन प्रकारचे सांगितले आहे. जन्मतः प्राप्त होणारे ते सहज. ऋतू व वय यांवर अवलंबून असणारे ते कालज. आणि आहार, विहार व योग्य योजना यांतून संपादन होणारे ते युक्तिकृत. आधुनिकांच्या जन्मजात प्रतिकाराशी सहजबलाचे साम्य आहे. ऐक्य आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. इंटरफेरॉन आपल्या आचार्यांना ज्ञात होते असे सांगणे हा त्यांचा गौरव नसून त्यांच्या नावावर खोटे जमा करणे आहे. परंतु विचाराची चौकट म्हणून हे त्रिविध बल आजही अत्यंत उपयुक्त आहे.

त्या चौकटीत पाहता, कोंबडीचे सहजबल तिच्या जातीने निश्चित केलेले आहे. जे जनुक तिच्या वंशात नाही, ते कोणतेही रसायन देऊ शकत नाही. कालजबलाचा विचार पोल्ट्रीचालक रोज करतो. पहिल्या आठवड्यातील पिल्लाची ऊब, उन्हाळ्यातील शेड, पावसाळ्यातील ओली गादी हे त्याचेच विषय. आपले खरे कार्यक्षेत्र उरते ते युक्तिकृत बलाचे. त्यात स्वच्छ पाणी, कोरडी गादी, बुरशीरहित खाद्य, प्रमाणशीर गर्दी, बाहेरच्या माणसांना व वन्य पक्ष्यांना मज्जाव आणि वेळापत्रकाप्रमाणे लसीकरण यांचा क्रम पहिला लागतो. वनस्पतींचा क्रम त्यानंतर येतो. हा क्रम उलटा करणारे माहितीपत्रक कितीही सुबक छापलेले असले तरी ते अशास्त्रीय आहे.

येथे लसीसंबंधी एक व्यावहारिक मुद्दा मांडणे अवश्य आहे. राणीखेत व गंबोरो यांच्या प्रचलित लसींपैकी अनेक लसी जिवंत, दुर्बल केलेल्या विषाणूंच्या असून त्या पिण्याच्या पाण्यातून दिल्या जातात. त्या विषाणूची पक्ष्याच्या शरीरात अल्पशी वाढ होते, तेव्हाच लस लागू पडते. आता एखादे मिश्रण वेष्टनावर म्हटल्याप्रमाणे खरोखरच विषाणूनाशक असेल, तर ते लसीच्या विषाणूलाही मारील आणि लसीकरण वाया घालवील. ते लसीच्या विषाणूला काही करीत नसेल, तर 'विषाणूनाशक' हा दावा कशाच्या बळावर? या पेचातून सुटण्याचा मार्ग दाव्याची भाषा बदलणे हाच आहे. निदान लसीच्या पाण्यात दुसरे कोणतेही औषध मिसळू नये, ही सूचना प्रत्येक वेष्टनावर ठळकपणे असलीच पाहिजे.

साथीच्या दिवसांतील दोन दिवस

भारतातील कुक्कुटांमधील एच५एन१ ची पहिली साथ फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळली. लक्षावधी पक्षी नष्ट करावे लागले आणि त्या तालुक्याचा मुख्य व्यवसाय काही काळ कोलमडून पडला. २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे व पुन्हा नवापूर येथे बर्ड फ्लूने डोके वर काढले. त्याच वर्षी देशात या विषाणूने एका अकरा वर्षांच्या मुलाचा दिल्ली येथे बळी घेतला. २०२४ संपून २०२५ उजाडताना नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रातील तीन वाघ व एक बिबट्या याच विषाणूने दगावले. हा रोग केवळ कोंबडीचा राहिलेला नाही, याची जाणीव आपण ठेवली पाहिजे.

अशा वेळी शेडमध्ये अकस्मात मरतूक सुरू झाली की, मालक घाबरतो. बातमी फुटली तर धंदा बुडेल, या भीतीने तो आधी घरगुती उपाय शोधतो आणि ओळखीच्या वैद्याकडे अथवा औषधाच्या दुकानात येतो. त्या क्षणी आपण काढा किंवा चूर्ण दिले, तर ते बहुधा निरुपद्रवी असेल. घातक ठरेल तो त्यात गेलेला वेळ. त्या दोन दिवसांत खाद्याची गाडी, अंड्यांचे ट्रे, मजुरांच्या चपला यांबरोबर विषाणू शेजारच्या गावी पोहोचतो. शासनाची नुकसानभरपाई ही रोगनियंत्रणासाठी नष्ट केलेल्या पक्ष्यांची असते. शेडमध्ये आधीच मेलेल्यांची नसते. म्हणजे आपल्या पुडीने मालकाचे आर्थिक नुकसानही वाढते. मेलेले पक्षी उघड्या हातांनी उचलणाऱ्या त्याच्या घरच्यांना होणारा धोका तर वेगळाच.

२००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या नियंत्रणविषयक केंद्रीय कायद्यानुसार अनुसूचित रोगाचा संशय येताच ग्राम अधिकारी अथवा ग्रामपंचायतीस कळविणे मालकाला बंधनकारक आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ प्रमाणे पशुचिकित्सेचा व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यकाचा आहे. आपली बी.ए.एम.एस. पदवी मनुष्यचिकित्सेची आहे. या मर्यादेत कमीपणा मानण्याचे कारण नाही. चरकाच्या जनपदोद्ध्वंस अध्यायात बिघडलेल्या जलाच्या वर्णनात जलचर पक्षी ते सोडून जातात हे लक्षण गणले आहे, तर बिघडलेल्या देशाच्या वर्णनात पशुपक्ष्यांची व्याकुळता सांगितली आहे. पक्ष्यांवरील संकट हा मनुष्यवस्तीला मिळालेला इशारा आहे, ही दृष्टी आपल्याला परंपरेनेच दिली आहे. तो इशारा वेळेवर योग्य ठिकाणी पोहोचविणे हेही वैद्याचेच कर्तव्य होय.

करण्याजोगे काही

केवळ निषेध करून थांबणे योग्य नव्हे. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके घालण्यावर बंदी आणली. आपल्याकडेही २०१९ मध्ये खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिनच्या वापरास मनाई झाली. त्यामुळे वनस्पतिज द्रव्यांना पोल्ट्रीत प्रामाणिक स्थान मिळण्याची संधी मोठी आहे. तिचा मार्ग विषाणूनाशाच्या घोषणेतून जात नाही. तो जातो दीपन-पाचनातून, आतड्याच्या स्वास्थ्यातून, उष्णतेचा ताण सुसह्य करण्यातून. त्यासाठी पुढील सूचना संघटनेच्या सभासदांपुढे ठेवतो.

१. पोल्ट्रीसाठीच्या उत्पादनांवरून 'विषाणूनाशक', 'बर्ड फ्लूप्रतिबंधक', 'संपूर्ण संरक्षण' ही शब्दयोजना फार्मसीचालकांनी स्वेच्छेने काढून टाकावी.

२. जो दावा करावयाचा तो मोजता येईल असा असावा. मरतुकीचे प्रमाण, वजनवाढ, खाद्याचे वजनात होणारे रूपांतर, लसीनंतरची प्रतिपिंडांची पातळी यांपैकी काय मोजले, कोणत्या जातीच्या व वयाच्या पक्ष्यांत मोजले, आणि औषध न दिलेल्या तुलनेच्या गटात काय दिसले, हे माहितीपत्रकात स्पष्ट लिहावे.

३. असे प्रयोग जिवंत पक्ष्यांवर, पशुवैद्यकांच्या देखरेखीखाली व्हावेत. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची महाविद्यालये नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ येथे आहेत. आपल्या संघटनेने त्यांच्याशी सहकार्याचा प्रस्ताव मांडावा. एका फार्मसीला न झेपणारा खर्च पाच-सहा फार्मसींनी मिळून उचलावा.

४. रसौषधी अथवा खनिजयुक्त योग पोल्ट्रीच्या खाद्यात मुळीच घालू नयेत. कोंबडीच्या शरीरात जे साठते ते अंड्यामांसातून ग्राहकाच्या ताटात येते.

५. एकाएकी मरतूक वाढल्याचे कानी येताच कोणतेही औषध न देता मालकाला पशुवैद्यकीय दवाखान्याकडे पाठवावे, मेलेल्या पक्ष्यांना हात न लावण्यास सांगावे, आणि त्या घरातील कोणास ज्वर, कास वा श्वासाचा त्रास असल्यास त्याला विलंब न लावता शासकीय रुग्णालयात पाठवावे.

यांतील पहिल्या सूचनेला काही सभासदांचा विरोध होईल, याची मला कल्पना आहे. 'सर्वच कंपन्या लिहितात, आपणच न लिहिल्यास माल कसा खपेल?' हा प्रश्न व्यवहाराचा आहे आणि तो क्षुल्लक नाही. लहान फार्मसीचे गणित किती अल्प नफ्यावर चालते, हे मी जाणतो. परंतु पोल्ट्रीचालक हा हिशेबी ग्राहक आहे. तो दर तुकडीची मरतूक, खाद्य व वजन वहीत लिहून ठेवतो. ज्या मिश्रणाने पचन सुधारते असे आपण सांगू व जे खरोखर तसे करील, ते तो पुढच्या तुकडीलाही घेईल. ज्याने विषाणू मरतो असे आपण सांगितले आणि ज्याच्यासकट त्याची शेड रिकामी झाली, ते तो पुन्हा घेणार नाहीच. शिवाय आयुर्वेदाच्या नावाने बोट मोडील, आणि तो दोष एका उत्पादनावर न राहता आपल्या सर्वांच्या औषधालयांवर येईल.

कोंबडीच्या सहजबलाने आपल्याला दाखविले आहे की, संरक्षणाचे मर्म शक्तीच्या आधिक्यात नसून योग्य वेळी ओळखण्यात, योग्य मात्रेत उत्तर देण्यात आणि योग्य वेळी शांत होण्यात आहे. मात्रा व काल यांचा विचार हा तर आपल्या चिकित्सेचा पाया आहे. आपल्या उत्पादनांच्या वेष्टनांवरही तो दिसू लागावा, एवढीच अपेक्षा. संघटनेच्या येत्या वार्षिक सभेत वरील पाच सूचनांवर साधकबाधक चर्चा व्हावी आणि सभासदांनी आपली मते त्रैमासिकाकडे लिहून पाठवावीत, अशी विनंती करून हे विवेचन पुरे करतो.